आज कोण आले नाही?



अनुताई वाघ यांच्या स्मृतीसाठी होणाऱ्या या व्याख्यानाला विषय कोणता घेणार, असे संयोजकांनी विचारले तेव्हा मी एका शब्दात सांगितले, हजेरी. अनुताईंवर बोलायचे तर बालशिक्षण आहे, आदिवासी भागातले काम आहे, स्त्रियांच्या जागृतीचे काम आहे. त्यावर माझ्याहून अधिकाराने बोलणारी माणसे आहेत. मी जव्हार-मोखाड्याच्या बाजूला आधी शिक्षिका आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून नोकरी केली. त्या नोकरीतला बराच काळ शाळेत न आलेल्या मुलांची घरे शोधण्यात गेला. त्या पायवाटांवर मला अनुताईंच्या कामातले जे उपयोगी पडले, तेवढेच आज तुमच्यासमोर ठेवणार आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई यांनी बोर्डीत आणि कोसबाडला जे जे उभे केले, ते सगळे गैरहजर मुलाचा माग काढत काढत उभे राहिले आहे. मूल आले नाही की त्या कारण विचारायच्या, आणि कारण कळले की शाळा बदलायच्या. आपण आजही बहुतेक वेळा मुलाला बदलायला निघतो.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीचे पुढचे आयुष्य स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी संपत असे. अनुताई शिकल्या. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, पुण्याला शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातल्या खेड्यात शिकवले, मग पुण्यात हुजूरपागेत नोकरी केली. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून 1937 साली मॅट्रिक झाल्या. बी.ए.ची पदवी तर पन्नाशी उलटल्यावर घेतली. ही वर्षे मी मुद्दाम सांगते आहे. दिवसा काम आणि रात्री पाटी असे शिक्षण त्यांनी स्वतः घेतले होते. सकाळी अकरा ते पाच हीच शिक्षणाची वेळ, असे त्यांना कधीच वाटले नसावे. पुढे गुराख्यांसाठी त्यांनी शाळेचे वेळापत्रक जितक्या सहजतेने मोडले, त्याची मुळे मला इथे दिसतात.

1945 साली त्या ताराबाईंकडे बोर्डीला आल्या. ताराबाई तेव्हा 53 वर्षांच्या होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला होता, नूतन बालशिक्षण संघ चालवला होता, मुंबईत काम केले होते. पण माँटेसोरी पद्धतीची बालमंदिरे शहरातल्या बऱ्या घरांपुरती राहताहेत, हे त्यांना सलत होते. म्हणून त्या खेड्यात आल्या. 24 डिसेंबर 1945 रोजी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता. त्या उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून हिंडत होत्या. जंगलाच्या ठेकेदाराकडे बाप राबतो आहे, आई जमीनदाराच्या शेतात आहे, अशा घरातले पोर आपण शाळेत बोलवायला निघालो आहोत, ही त्या दिवसांची परिस्थिती होती. धुतल्या कपड्यातले माणूस पाड्यावर येते ते काहीतरी वसूल करायला, हा त्या मुलांचा अनुभव. बाई दिसल्या की मुले पळत, यात नवल काहीच नव्हते.

बोर्डीत बालवाडी नीट चालू झाली. गावातली मुले येऊ लागली. दलित वस्तीतली येईनात. त्यांच्या आईबापांचे म्हणणे साधे होते. आम्ही उजाडल्यावर कामाला जातो, मुलांना न्हाऊमाखू घालून कोण पाठवणार आणि कोण आणणार? शिवाय त्या दारात आपले मूल कसे वागवले जाईल, ही धास्ती होतीच. इथे ताराबाईंनी जो निर्णय घेतला तो आज देशभर माहीत आहे, पण तो कुठल्या अडचणीतून आला ते आपण विसरलो आहोत. मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी वस्तीत न्यायची. कुणाचे तरी अंगण झाडून घ्यायचे, तिथेच मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, आणि खेळ मांडायचा. खेळाला काय? माँटेसोरी साधनांचा लाकडी संच परवडणारा नव्हता. मग समुद्रावरचे शिंपले आले, चिंचोके आले, सागरगोटे, खडे, पाने, फुले, बिया आल्या. लहानमोठे, कमीजास्त, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे त्यांतून शिकवता येते. घरात बसलेली आजी ओट्यावरून पाहत राही. आपल्या पोराला कुणी मारत नाही, हे तिला तिच्या डोळ्यांनी दिसे. मुलाच्या हजेरीसाठी याहून मोठा प्रचार मला माहीत नाही.

या अंगणातल्या वर्गाला अंगणवाडी म्हणू लागले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांतून सुरू केली, तेव्हा हेच नाव देशभर गेले. नाव गेले, पण पद्धत पुरती गेली नाही, याचे मला वाईट वाटते. आज कित्येक अंगणवाड्या गावाच्या टोकाला, जिथे सरकारी जागा मिळाली तिथे आहेत. तीन वर्षांच्या मुलाला तिथवर नेणारे घरात कुणी नसते.

1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे सहासात वर्षांच्या मुलांचा प्रश्न पुढे आला. बालवाडीत रमलेले मूल मोठे झाले की नाहीसे होई. कुठे गेले म्हणून पाहावे तर ते गुरांमागे. घरची किंवा मालकाची गुरे सकाळी सोडायची, दिवसभर रानात राहायचे, दिवस मावळताना परत. एवढ्या कामावर त्याचे जेवण भागे, क्वचित वर्षाला एखादा कपडा मिळे. त्या घराला शिक्षणाचे महत्त्व पटवून देणे म्हणजे पोराच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखे होते. अनुताईंनी आणि ताराबाईंनी भाकरीला हात लावला नाही. शिक्षकच कुरणावर गेले.

कुरणशाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. शिक्षकाच्या खांद्यावर झोळी, झोळीत पाट्या, चित्रे, गोष्टीची पुस्तके. गुरे चरायला लागली की झाडाखाली मुले गोळा होतात. फळा झाडाच्या खोडाला टेकवलेला. मोजायला दगड आहेत आणि गुरेही आहेत. कुणाची किती, त्यांतली दुभती किती, एक चुकले तर उरली किती, हे गणित मुलाला आधीच येत असते, फक्त लिहिता येत नसते. ओढा आहे, तर त्यात अंघोळ होते. पाखरे आहेत, किडे आहेत, कुठल्या पाल्याने जखम बरी होते हे मुलांनाच ठाऊक आहे. शिक्षकाने ते ऐकायचे, आणि त्याला अक्षर जोडायचे. मध्येच एखादे जनावर शेतात शिरले तर पोर उठून पळणार, वळवून आणणार, परत बसणार. त्याला कुणी रागावत नाही. ही मुले पटावर होती आणि हजर होती. आपल्या आजच्या नियमांत ती सगळी 'शाळाबाह्य' ठरली असती.

मुलींचे कारण वेगळे होते. मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पाड्यावर शिकवत असताना पाहिलेले सांगते. चौथीच्या वयाची एक मुलगी रोज वर्गाच्या दाराशी येऊन उभी राही. कडेवर भाऊ, दीडेक वर्षाचा, नाक वाहणारा. ती चौकटीला टेकून फळ्यावरचे वाचत असे, ओठ हलत असत. आत ये म्हटले की मागे सरे. एक दिवस मी बाहेर गेले तेव्हा तिने विचारले, "बाई, याला कुठं ठेवू?" मी सतरंजीचा एक कोपरा मोकळा केला, त्याला दोन काड्यापेट्या आणि एक जुना डस्टर खेळायला दिला. वर्गात गोंधळ झाला, पोर रडले, एकदा सतरंजी ओली झाली. मुलगी मात्र बसली. त्या वर्षी ती वाचायला शिकली.

कोसबाडला याचे नीट बांधलेले उत्तर होते. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होती. बहिणीने तान्ह्या भावाला पाळणाघरात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः शाळेत बसायचे. अंतर ओसरीएवढे. मधल्या सुट्टीत भावाला पाहून यायचे. मुलींची गळती या विषयावर मी खूप परिसंवाद ऐकले, भाषणे केली. पाळणाघराशिवाय त्या मुलीला शाळेत बसवण्याचा दुसरा उपाय मला अजून कुणी दाखवलेला नाही. आणि आजही आपल्या किती प्राथमिक शाळांना लागून पाळणाघर आहे, याचे उत्तर तुम्हां सगळ्यांना माहीत आहे.

हजेरी वाढवण्याचा दुसरा एक रस्ता महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिला आहे, तो कायद्याचा. बडोद्यात सयाजीरावांनी आधी अमरेलीत प्रयोग करून 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले, ते फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. या राजांबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. सक्तीमागे त्यांनी शाळा उघडल्या, वसतिगृहे उघडली, खजिन्याचा मोठा भाग त्यावर घातला. ज्यांना शिकूच द्यायचे नाही असे समाजात ठरलेले होते, त्यांच्यासाठी ती सक्ती ढाल होती. पण पुढे आपल्या कारभारात ढाल मागे पडली आणि दंडाचा सूर तेवढा उरला. गैरहजर मुलाच्या बापाला ग्रामसभेत उभे करून बोलणे मी स्वतः पाहिले आहे. असा बाप दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवतो आणि आठवड्याने थांबवतो.

मग आमिषाचा रस्ता आला. नव्वदच्या दशकात दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीमागे दिवसाला एक रुपया भत्ता सुरू झाला. 1995 च्या मध्यान्ह भोजन योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत महिन्याला 80 टक्के हजेरी असेल तर तीन किलो तांदूळ घरी मिळे. तांदूळ घरी गेला, तो सगळ्या घराने खाल्ला, त्यात गैर काही नाही. पण 28 नोव्हेंबर 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले, आणि आमच्या भागात जो फरक पडला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. दुपारच्या सुट्टीनंतर वर्ग रिकामा होई, तो भरलेला राहू लागला. खिचडी मुलाच्या पोटात जाते, रोज जाते, आणि त्यासाठी त्याला त्या दिवशी तिथे असावे लागते. शिजवणारी बाई पाड्यातलीच, तिचेही मूल रांगेत. मला हा उपाय अनुताईंच्या जातीचा वाटतो, कारण तो मुलाच्या भुकेपासून सुरू होतो.

आता हजेरीपटाविषयी बोलते, कारण तो माझ्या हाताखालून इतकी वर्षे गेला आहे. हजेरीपट वाचायचा असतो, हे आपण प्रशिक्षणात शिकवत नाही. एखाद्या शाळेचा वर्षभराचा पट समोर घ्या. जुलैत आवणीच्या दिवसांत मोठ्या मुलींच्या ओळी रिकाम्या दिसतील. आठवडे बाजाराच्या वारी ठरावीक घरांतली मुले नसतील. नदीपलीकडच्या पाड्याची नावे शोधा. पाऊस जोरात असेल त्या दिवसांत ती सगळी मिळून गैरहजर असतील, कारण मधे साकव नाही. दिवाळीनंतर भराभर नावे थांबतील. ती कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर गेली, आता होळीनंतर किंवा थेट पावसाच्या तोंडावर परतायची. आणि एखादे नाव असे सापडेल की त्याला ना शेत, ना बाजार, ना नदी, कुठलेच कारण लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस येते, तीन दिवस नाही. त्या मुलाच्या घरी त्याच दिवशी गेले पाहिजे. तिथे बहुधा दारू असते, आजारपण असते, किंवा वर्गात त्याला कुणीतरी छळत असते. अशा वेळी त्या मुलाला कधीकधी फक्त एका मोठ्या माणसाची गरज असते, जे त्याला नावाने हाक मारील.

हा पट खोटाही भरला जातो, हे आपण सगळे जाणतो. पटावर शिक्षकांची पदे, तुकड्या, अनुदान अवलंबून आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा एकाच मुलाला दोन शाळांत मोजू नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली होती. त्या मोहिमेची गरज होती, हे मी मान्य करते. पण मुलाच्या बोटाला शाई लावून त्याची मोजणी करावी लागते, ही शिक्षणखात्यासाठी फार दुःखाची गोष्ट आहे. त्यानंतर आधार आले, ऑनलाइन नोंदी आल्या, मोबाइलवरून हजेरी भरणे आले. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. एवढेच सांगते की त्या पडद्यावर गैरहजर मूल हा एक आकडा असतो, आणि आकडा भरल्यावर काम झाल्यासारखे वाटते. पूर्वी शिक्षक दुसऱ्या मुलाला पिटाळायचा, "जा, बघून ये का आला नाही." ते पिटाळणे थांबता कामा नये.

शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी सत्तरच्या दशकात हा प्रश्न अगदी मुळापासून मांडला होता. ठरलेल्या वयातच प्रवेश, रोज पूर्ण वेळ हजेरी, वर्षाला एक इयत्ता, मधे सुटले की कायमचे बाहेर, ही चौकट काम करणाऱ्या गरीब मुलासाठी बनलेलीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अर्धवेळ वर्ग हवेत, सोडून गेलेल्याला पुन्हा आत यायला दारे हवीत, असे ते सांगत राहिले. कोसबाडच्या कुरणावर ते आधीच चालू होते. नव्वदच्या दशकात वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. ही सगळी त्याच वाटेवरची माणसे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने यातले पुष्कळसे सरकारची जबाबदारी म्हणून लिहून ठेवले, वयानुरूप प्रवेश, विशेष प्रशिक्षण, जवळची शाळा. कायदा आल्यावर स्वयंसेवी शाळा बंद झाल्या, आणि त्यांची जागा भट्टीवर जाऊन घेणारे सरकारी माणूस सगळीकडे पोचले नाही. हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलांसाठी हमीकार्डे आहेत. कागद भट्टीपर्यंत पोचतो का, हे पाहायला मात्र भट्टीवर जावे लागते.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या 14 हजारांहून अधिक शाळा आहेत आणि त्यांत पावणेदोन लाखांवर मुले शिकतात. 2023 साली या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. बाजूने सांगितले जाते ते मी समजून घेतले आहे. दोन शिक्षक आणि सात मुले यांत खेळ होत नाही, गट होत नाहीत, प्रयोगशाळा मिळत नाही. पण या शाळा कुठे आहेत पाहा. डोंगरावर, धरणाच्या कडेला, जंगलात, कोकणातल्या ओस पडत चाललेल्या वाड्यांत. आपल्याच राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असे लिहिले आहे. बस देऊ म्हणतात. बस ओढ्यात पाणी आले की येत नाही. चालक रजेवर गेला की येत नाही, अनुदान थकले की येत नाही, आणि त्या प्रत्येक दिवशी मुलगी घरी राहते. पाड्यावरची शाळा बंद झाली की पहिल्यांदा तीच सुटते. ताराबाई आणि अनुताईंनी सगळे आयुष्य शाळा मुलाच्या दारी नेण्यात घालवले. त्यांच्याच राज्यात आपण ती दारातून उचलून नेणार असू, तर ते चूक आहे, आणि इथे ते स्पष्ट बोलले पाहिजे.

27 सप्टेंबर 1992 रोजी अनुताई गेल्या. कोसबाडची संस्था आजही काम करते आहे.

अध्यापक विद्यालयाच्या विद्यार्थिनींनो, तुम्ही लवकरच शाळांवर रुजू व्हाल. हजेरी घेताना आलेल्यांची नावे तर घ्याच, पण एक साधी वही ठेवा. आज कोण आले नाही, आणि का, हे त्यात लिहा. कारण पालकांच्या शब्दांत लिहा, 'आजारी' किंवा 'घरगुती' असे लिहून मोकळ्या होऊ नका. महिन्याच्या शाळा व्यवस्थापन समितीत ती वही वाचून दाखवा. साकव कुठे हवा, पाळणाघर कुठे हवे, कुणाला शाळेत मार बसतो आहे, हे त्या वहीतून गावाला कळेल.

आणि इथे बसलेल्या अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या टेबलावर एखादी लहान शाळा बंद करण्याचा कागद आला, तर त्या पाड्यापासून नव्या शाळेपर्यंतचे अंतर नकाशावर मोजू नका. जुलै महिन्यात, भर पावसात, त्या पाड्यातल्या पहिलीच्या मुलाचा हात धरून ते पायी चालून या, आणि मगच सही करायची की नाही ते ठरवा.